फेब्रुवारीत घरी कोण असतं?

गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जमिनीचा जवळपास विसावा हिस्सा. लोकसंख्या मात्र २०११च्या जनगणनेप्रमाणे १० लाख ७२ हजार ९४२. राज्यातल्या शंभर माणसांमागे इथला एक माणूसही धड भरत नाही. चौरस किलोमीटरला ७४ जण. राज्याची सरासरी ३६५. इतकी विरळ वस्ती महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात नाही.

हा ७४ चा आकडाही जरा दमानंच घ्यावा. जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग जंगलाखाली आहे. ते वजा करून उरलेल्या जमिनीवर माणसं मोजली, तर चौरस किलोमीटरला अडीचशेच्या आसपास येतात. वैनगंगेच्या काठानं वडसा, आरमोरी, चामोर्शी हा धानाचा पट्टा बऱ्यापैकी भरलेला आहे. दक्षिणेला एटापल्ली-भामरागडकडे निघालं की दोन गावांमधलं अंतर वाढत जातं. अख्ख्या भामरागड तालुक्यात २०११ साली ३६ हजारांच्या आसपास माणसं होती. पुण्यातल्या एका प्रभागात याहून जास्त असतात. सिरोंचापासून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरहून लांब. गोदावरीवरचा पूल २०१६ साली खुला झाल्यापासून तिकडच्या माणसाला बाजारासाठी आणि दवाखान्यासाठी तेलंगणाच जवळ पडतं.

आता रोजगार. जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलेला ‘मुख्य’ कामगार, त्याहून कमी केलेला ‘सीमांतिक’. मग चार खाने: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. काम करणाऱ्यांचं प्रमाण गडचिरोलीत राज्याच्या सरासरीहून जास्त आहे, त्यात बायकांचा वाटा मोठा. तरीही जिल्ह्याची ओळख ‘उद्योग नसलेला, बेरोजगार जिल्हा’ अशीच करून दिली जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? माझं उत्तर साधं आहे. इथलं काम महिन्यांवर चालतं आणि आपण ते खान्यांत शोधतो.

मृगात धानाचे पऱ्हे टाकायचे. आषाढ-श्रावणात रोवणी, तेव्हा गावात मोकळा हात सापडत नाही. दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मळणी. मग आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत केंद्रावर धान घालायचं आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. पाणी असतं तर लगेच दुसरं पीक उभं राहिलं असतं. पण तुलतुली, कारवाफा हे सिंचन प्रकल्प १९८०च्या वनसंवर्धन कायद्यात अडकले ते अडकलेच. बोडी आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांचं पाणी पहिल्याच पिकाला जेमतेम पुरतं. संक्रांतीच्या सुमारास बांध्या रिकाम्या होतात आणि माणसंही.

ही माणसं जातात मिरची तोडायला. तेलंगणात, खम्मम, वारंगलकडच्या मिरचीच्या रानांत. मुकादम गाडी पाठवतो. नवरा-बायको, वाढती पोरं, भांडी, तांदळाचं गाठोडं असं सगळं एका पिकअपमध्ये कोंबलेलं असतं. मजुरी कुठे रोकड, कुठे वाळलेली मिरचीच. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम रानात, ताडपत्रीखाली. मागे गावात म्हातारी माणसं, शाळेचं फार अडेल अशी मुलं आणि गुरं.

२०११ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा, की जो या संपूर्ण काळात घरी नव्हता त्याला घरच्या यादीत धरायचं नाही. जिथे सापडेल तिथे मोजायचं. कागदावर नियम चोख आहे. पण मिरचीच्या रानातल्या ताडपत्रीपर्यंत प्रगणक पोचायला हवा, पोचला तर त्यानं विचारायला हवं, आणि विचारलंच तर तेलुगूत विचारलेलं गोंडी बोलणाऱ्या बाईला कळायला हवं. (सिरोंच्याच्या माणसाला कळेल, कोरचीच्या नाही.) मोजली गेली तर ती शेजारच्या राज्याच्या खात्यात, निसटली तर कुठेच नाही. आपल्याकडचा सगळ्यात विरळ जिल्हा आपण तो आणखी विरळ असतानाच मोजतो.

माणसं परततात ती मोहासाठी आणि तेंदूसाठी. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई झालेली असते, म्हणजे तेंदूची झुडपं छाटून नव्या पानाला वाट करून दिलेली असते. एप्रिलच्या शेवटाला पानं तोडण्याजोगी होतात. झुंजुमुंजू व्हायच्या आत घरातली सगळी रानात. उन्हं चढली की परत, आणि सावलीत बसून पुडे बांधायचे: ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. फाटकं, किडकं पान बाजूला. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, दिवाणजी पुडे मोजून घेतो. आजी पानं जुळवते, नातू पुडे रचतो. हजेरीपटावर नाव एकाचंच. हंगाम उणापुरा दोन-तीन आठवड्यांचा, पाऊस आला तर त्याहूनही कमी. पण अनेक घरांत वर्षातली सर्वांत मोठी रोकड याच दिवसांत येते. जनगणनेत हे काम पडतं ‘इतर’ या खान्यात.

हा पैसा कोणाच्या हातात पडायचा, ते गेल्या पंधरा वर्षांत बदललं. वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू मात्र २०११च्या एप्रिलपर्यंत अडून होता. केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं तेव्हा वाट मोकळी झाली. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्याआधी कित्येक वर्षं हा धागा धरून ठेवला होता. आज जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. मजुरीबरोबर रॉयल्टीही गावातच राहते. सगळीकडे छान चाललंय असं नाही. ठेकेदार संगनमतानं भाव पाडतात, पैसे थकवतात, हिशेब लिहिणारा तरुण गावात नसला की ग्रामसभा पुन्हा त्याच ठेकेदाराच्या वहीवर येते. तरीही रोजगाराची ही व्यवस्था इथल्या महिन्यांना धरून आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

शिकलेल्या पोरांचं गणित निराळं. त्यांना बारमाही पगार हवा, आणि तो पोलीस भरतीत, आश्रमशाळेत किंवा तलाठ्याच्या पदात दिसतो. २०१४च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं पेसा (अनुसूचित) क्षेत्रातली अशी काही पदं स्थानिक आदिवासींसाठी राखली. जिल्ह्यातल्या नोकऱ्यांत ओबीसींचं आरक्षण बरीच वर्षं ६ टक्क्यांवर होतं, त्याची खदखद वेगळी. जागा मोजक्या असल्या की कोणाच्या ताटातलं कोणी नेलं यावरच भांडण पेटतं.

दुसरा बारमाही पगार आहे सुरजागडच्या लोहखाणीचा. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावर लॉईड्स मेटल्सला २००७ साली पट्टा मिळाला. डिसेंबर २०१६मध्ये माओवाद्यांनी तिथली ७०हून अधिक वाहनं जाळली. २०२१पासून उत्खननानं वेग घेतला, २०२३ साली वर्षाला एक कोटी टनांची परवानगी मिळाली आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहतो आहे. चालक, पहारेकरी, यंत्र चालवणारे अशी कामं गावातल्या पोरांना मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खाणीच्या पाळ्या रोवणीसाठी थांबत नाहीत. मुलगा खाणीवर आणि बांध्या बापाच्या गळ्यात, अशी घरं आता तयार होतील. डोंगर ज्यांचा देव आहे त्यांचा प्रश्न तर पगारानं सुटणाराच नाही.

विरळपणाची खरी किंमत सोयींत मोजावी लागते. आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष सवलतीचाच. तरी भामरागडच्या ३६ हजारांना त्यानं दोनही केंद्रं पुरती येत नाहीत, आणि ती माणसं नदी-नाल्यांपलीकडे विखुरलेली. डोक्यांच्या हिशेबानं जिथे सगळं वाटलं जातं, तिथे फेब्रुवारीत न सापडलेलं प्रत्येक डोकं महाग पडतं.

पुढची गणना पुन्हा फेब्रुवारीतच आहे, २०२७च्या. लडाख आणि हिमाचल-उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी मात्र संदर्भ तारीख १ ऑक्टोबर २०२६ ठरली आहे, कारण हिवाळ्यात तिथे पोचता येत नाही. गडचिरोलीसाठी वेगळी तारीख मागण्याची गरज नाही. कोणत्या गावची गाडी कोणत्या मुकादमानं नेली हे ग्रामसभेला ठाऊक असतं. ती यादी जानेवारीत तेलंगणाच्या जिल्हा कचेऱ्यांकडे गेली आणि सोबत गोंडी-माडिया बोलणारी दहा-वीस शिकलेली पोरं प्रगणकांना जोडून दिली, तरी पुष्कळ काम होईल. तेवढ्या दिवसांची मजुरी त्यांना द्यावी लागेल.