स्वाराची चाकरी आणि घोड्याची मालकी

मराठी राज्याच्या इतिहासात पागा, बारगीर आणि शिलेदार हे शब्द पदोपदी भेटतात. मोहिमांच्या आणि लढायांच्या वर्णनात या शब्दांमागचा माणूस मात्र सहसा दिसत नाही. खेड्यातून निघून घोड्यावर मांड टाकणारा हा साधा स्वार पावसाळ्यात कोठे राहत होता, जखमी झाल्यावर त्याची व्यवस्था कोण लावीत असे आणि राज्य गेल्यावर त्याचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे बखरींतून, पत्रांतून आणि समकालीनांच्या लेखनातून बऱ्याच अंशी मिळतात. ती एकत्र ठेवून पाहिली असता एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. स्वाराचे बरेवाईट पुष्कळ अंशी एका बाबीवर ठरत असे; ती म्हणजे, तो ज्या घोड्यावर बसला आहे त्याचा धनी कोण?

बारगीर आणि शिलेदार

छत्रपती शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. साहजिकच दोघांच्या वेतनात अंतर असे. ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात बारगिराचे मासिक वेतन 2 ते 5 होन आणि शिलेदाराचे 6 ते 12 होन असल्याचे नमूद केले आहे. शिलेदाराचे वेतन अधिक दिसते खरे. परंतु घोड्याची चंदी-वैरण, खोगीर, नालबंदी आणि मोतद्दार हा सारा खर्च त्यालाच करावा लागे. घोडा मेला तर नवा घेण्याचा भारही त्याच्याच शिरावर पडे.

महाराजांनी भर दिला तो सरकारी पागेवर. सभासदाच्या बखरीत या पागेची रचना तपशीलवार दिली आहे. 25 बारगिरांवर एक हवालदार, 5 हवालदारांचा एक जुमला, 10 जुमल्यांवर एक हजारी आणि 5 हजाऱ्यांवर एक पंचहजारी, अशी ही उतरंड होती. दर 25 घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल या दोन गोष्टींवाचून घोडदळ चालू शकत नाही, हे जाणूनच ही नेमणूक केलेली होती. शिलेदारांनाही पागेच्या हुकुमात ठेवण्यात आले होते.

आठ महिने मोहीम, चार महिने छावणी

स्वाराचे वर्ष दसऱ्याला सुरू होई. पावसाळा सरला, नद्यांना उतार मिळू लागला आणि रानात गवत उभे राहिले की लष्कर बाहेर पडे. निघतेवेळी प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी केली जाई. आठ महिन्यांच्या मुलूखगिरीनंतर लष्कर परत आले की पुन्हा झडती होऊन यादीशी ताळा घेतला जाई, आणि अधिक आढळलेला माल सरकारात जमा होई. लष्करात बायका, बटकी आणि कलावंतिणी नेण्यास मनाई होती. शत्रूच्या मुलखातही बायका-मुले धरू नयेत आणि गाईंना हात लावू नये, असा दंडक होता.

पावसाळ्याचे चार महिने स्वदेशी छावणीत जात. घोड्यांसाठी दाणा, गवत आणि औषधे आधीच साठवून ठेवलेली असत आणि माणसांसाठी घरे शाकारलेली असत. या काळात स्वार आणि रयत एकमेकांच्या शेजारी येत. याच काळाविषयी चिपळूण येथील छावणीच्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. साठविलेली वैरण आजच बेहिशेब उडविली तर ऐन पावसाळ्यात ती मिळेनाशी होईल, घोडी उपाशी मरतील आणि त्यांच्या मृत्यूचा दोष तुमच्याकडे येईल, असे त्यात बजावले आहे. मग लष्करातील कोणी कुणब्याचे धान्य नेईल, कोणी भाकर, कोणी गवत, तर कोणी भाजीपाला. असे झाल्यास जीव धरून राहिलेली रयत गाव सोडून जाईल आणि तिला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, हा इशाराही त्यात आहे. गवताच्या गंजीजवळ विस्तव करू नये आणि रात्री दिवा जळत ठेवू नये, कारण उंदीर पेटती वात पळवतील, इतकी बारीक दक्षता या पत्रात घेतलेली दिसते. घोड्याची वैरण सांभाळणे म्हणजेच कुणब्याचे घर सांभाळणे, असा त्याचा इत्यर्थ आहे.

जखमी आणि मृतांची व्यवस्था

लढाईनंतर शिपायाचे आणि त्याच्या कुटुंबाचे काय, याचाही विचार झालेला होता. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाचा पराभव झाला. त्यानंतर काय करण्यात आले, हे सभासदाने नोंदविले आहे. पडलेल्या लोकांच्या मुलांना चाकरीत घेऊन चालविले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. जखमींना जखमेचे मान पाहून 25 पासून 200 पर्यंत होन देण्यात आले. आजच्या भाषेत सांगायचे तर अनुकंपा नेमणूक, कुटुंब निवृत्तिवेतन आणि जखमीस अनुदान या तिन्ही कल्पना येथे बीजरूपाने आढळतात. ज्याच्या घरी कर्ता पुरुष परतला नाही, त्या घरची चूल या व्यवस्थेमुळे पेटती राहत असे.

स्वतःचा घोडा, स्वतःचा धोका

पेशवाईत राज्याचा विस्तार झाला आणि मोहिमा नर्मदेपलीकडे दूरवर जाऊ लागल्या. सरदारांच्या पथकांतून शिलेदारांची संख्या वाढली. मोहिमेपूर्वी तयारीसाठी त्यांना आगाऊ रक्कम मिळे. तीही नालबंदी याच नावाने ओळखली जाई. पुढे रोजमुऱ्यावर गुजराण करावी लागे. वेतन थकले की शिपाई सरदाराच्या दाराशी धरणे धरून बसत. 1809 साली शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्राऊटन या इंग्रज अधिकाऱ्याने अशा धरण्यांचे वर्णन करून ठेवले आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या विल्यम टोन या आयरिश अधिकाऱ्याने या पद्धतीचे वर्म नेमके ओळखले होते. स्वाराचे वेतन घोड्याची प्रत पाहून ठरे. घोड्याला अपाय झाला तर नुकसान त्याच्या धन्याचे. त्यामुळे लढाईत स्वार हात राखून वागे, असे टोन म्हणतो. यात शिपायाच्या शौर्यावर ठपका नाही. ज्या घराची सारी पुंजी एका घोड्यात अडकली आहे, त्या घरच्या माणसाने घोडा जपला तर नवल कसले?

पानिपतावर ही पुंजी कशी नाहीशी झाली, हे सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर 1760 पासून सुमारे अडीच महिने मराठी लष्कर तेथे कोंडले गेले. रसद तुटली, दाणावैरण संपली आणि घोडी उपासमारीने मरू लागली. 14 जानेवारी 1761 रोजी लढाईला तोंड लागले तेव्हा पुष्कळ स्वार पायउतार झालेले होते. घोडा गेलेला शिलेदार जिवंत परतला तरी त्याचा शिलेदारपणा संपलेलाच होता.

1818 नंतर

20 फेब्रुवारी 1818 रोजी अष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले पडले. 3 जून रोजी दुसरे बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि वार्षिक 8 लक्ष रुपयांचे निवृत्तिवेतन घेऊन ब्रह्मावर्तास गेले. धन्याची सोय लागली. स्वाराची चाकरी मात्र बुडाली. इंग्रजांना थोडेच घोडदळ हवे होते. काहींना त्यात जागा मिळाली, काही संस्थानिकांच्या पदरी राहिले आणि उरलेले गावी परतून नांगर धरू लागले. ज्यांच्या वाट्याला जमीन होती, त्यांना निदान तो आधार होता. घोडा मात्र आता उत्पन्नाचे साधन न राहता खाणारे तोंड झाला.

शिलेदारी पद्धत इंग्रजी फौजेतही दीर्घकाळ टिकली. भरती होणाऱ्याने घोडा आणावा किंवा त्याची किंमत भरावी आणि वेतनातून त्याचा खर्च चालवावा, असा नियम होता. एक सुधारणा मात्र झाली. पलटणीत सर्वांच्या वर्गणीचा निधी असे आणि मेलेल्या घोड्याच्या जागी नवा घेण्यास तो उपयोगी पडे. एकट्याचा धोका असा अनेकांत वाटला गेला. 1914 च्या महायुद्धात सागरापलीकडे घोड्यांची इतकी हानी झाली की, हा निधीही अपुरा पडला. युद्धानंतर ही पद्धत बंद झाली. त्याच पुनर्रचनेत घोडदळाच्या 39 पलटणींच्या 21 करण्यात आल्या. पेशव्यांशी झालेल्या 1817 च्या तहातून उभी राहिलेली पूना हॉर्स ही पलटण टिकून राहिली. 1965 आणि 1971 च्या युद्धांत ती रणगाडे घेऊन लढली आणि दोन परमवीरचक्रांची मानकरी ठरली.

आज सैनिकाचे वाहन, शस्त्र आणि गणवेश हे सर्व शासनाचे असते. निवृत्तीनंतर त्याच्यासाठी निवृत्तिवेतन आहे, आणि त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या अडचणींसाठी राज्यात सैनिक कल्याण विभागाची जिल्हा कार्यालये आहेत. शिपायाने रणात जीव धोक्यात घालावा, परंतु त्याच्या घरचे अन्न धोक्यात येऊ नये, हे तत्त्व प्रतापगडाखालच्या त्या नोंदीत आहे. ते पाळले गेले तेव्हा स्वार निर्धास्त मनाने लढला. त्याचा विसर पडला तेव्हा लढाईचे मोल त्याच्या घराने चुकविले.