बोलक्या भिंती

ऊन, वारा आणि पाऊस यांना बाहेर अडवावे व घरातील माणसांना आसरा द्यावा, हे भिंतीचे काम. परंतु माणसाने भिंतीला आणखी एक काम फार प्राचीन काळापासून दिले आहे. आपल्या मनातील गोष्ट त्याने तिच्यावर रेखाटली आणि मुक्या भिंतीला बोलावयास लावले. नागपंचमीला आपली आजी भिंतीवर नागाचे चित्र काढते, ते याच रीतीने. आपल्या राज्यातील पुष्कळ शाळांच्या भिंतींवर बाराखडी, पाढे, नकाशे, पशुपक्षी आणि थोर पुरुषांची चित्रे रंगविलेली असतात. अशा भिंतींना लोकांनी नावही मोठे सुरेख दिले आहे : ‘बोलक्या भिंती’.

मुलांनो, या बोलक्या भिंती पाहत पाहत आज आपण एक प्रवास करू. नंदुरबार तालुक्यातील रनाळे या गावची एक मुलगी सुट्टीत मुंबईस आपल्या मामांकडे निघाली आहे, अशी कल्पना करा. नंदुरबारला ती आगगाडीत बसेल. तेथून गाडी नवापूरवरून सुरतेस जाईल आणि मग दक्षिणेकडे वळून समुद्रकिनाऱ्याच्या बाजूने मुंबई गाठील. वाट लांबची खरी. पण ज्याला भिंती वाचता येतात, त्याला ती कंटाळवाणी वाटणार नाही.

गाडी सुटण्यापूर्वी आपण मनाने जरा उत्तरेकडे जाऊन येऊ. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा उभ्या आहेत. त्यांच्या पलीकडे नर्मदा वाहते आणि नर्मदेपलीकडे गुजरातचा छोटा उदेपूर व मध्य प्रदेशाचा अलीराजपूर हे जिल्हे लागतात. त्या भागातील राठवा, भिलाला, भिल्ल या आदिवासी लोकांत पिठोरा नावाची भित्तिचित्रे काढण्याची चाल आहे. घरात आजारपण आले, गुरांवर संकट आले, की कुटुंबातील कर्ता पुरुष पिठोरा देवाला नवस बोलतो. संकट टळले, म्हणजे तो नवस भिंतीवर चित्र काढून फेडावयाचा असतो. गावातील कुमारिका ओसरीची भिंत शेणामातीने सारवून पांढऱ्या मातीने पोतारतात. मग जाणते चित्रकार बसतात आणि भिंतीवर घोड्यांची मिरवणूक उमटू लागते. त्या घोड्यांच्या आसपास नांगर धरलेला शेतकरी असतो, झाडे असतात, सूर्यचंद्र असतात. काळ बदलला, तशी त्यांच्या शेजारी आगगाडी आणि विमानेही येऊन बसली. चित्र पुरे झाले, की बडवा म्हणजे गावचा देवऋषी ते निरखून पाहतो आणि त्यात काही राहिले तर नाही ना, याची खात्री करून घेतो. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की ही मंडळी पिठोरा ‘काढला’ असे म्हणत नाहीत. पिठोरा ‘लिहिला’ असे म्हणतात. चित्रकारालाही ते ‘लखारा’, म्हणजे लिहिणारा, याच नावाने ओळखतात.

याच प्रदेशाला लागून असलेल्या झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावी जन्मलेल्या भुरीबाई या भिल्ल समाजातील आहेत. भोपाळ येथे भारत भवन ही कलासंस्था उभी राहत होती, तेव्हा त्या तेथे बांधकामावर मजुरी करीत. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तेथील मजूर स्त्रियांना आपल्या घरच्या भिंतींवर काढतात तशी चित्रे कागदावर काढावयास सांगितले. भुरीबाईंनी ती काढली. ज्या हातांनी विटा वाहिल्या, त्याच हातांच्या चित्रकलेसाठी २०२१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

आता गाडी सुरतेहून दक्षिणेस वळली आहे. गुजरातची सीमा मागे पडली आणि डहाणू आले. हा पालघर जिल्हा, वारली लोकांचा मुलूख. येथील झोपड्यांच्या भिंती कुडाच्या असतात. त्यांवर शेणामातीचा लेप देतात, कोठे गेरूचा हात फिरवितात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने त्यांवर चित्रे काढतात. कुंचला म्हणजे टोक चेचून मऊ केलेली बांबूची काडी! रंग एकच, साधनही इतके साधे; आणि आकार तरी किती? वर्तुळ, त्रिकोण व चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले, की माणसाचे धड झाले. वर एक लहान वर्तुळ ठेवले, की डोके झाले. एवढ्या भांडवलावर वारली चित्रकार भातलावणी दाखवितो, शिकार दाखवितो आणि तारपा वाजविणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारा अवघा गावही दाखवितो.

वारल्यांच्या घरी लग्न निघाले, की सवाष्ण बायका भिंतीवर देवतेचा चौक काढतात. हे चित्र कायमचे राहावे अशी कोणाची अपेक्षा नसते. भिंत पुन्हा सारविली जाते आणि पुढच्या लग्नाला नवा चौक येतो. चित्र पुसले जाते. चित्र काढण्याची विद्या मात्र आईकडून मुलीकडे जाते. पुढे डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली आणि देशोदेशींच्या लोकांना तिचा परिचय करून दिला. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले.

गाडी विरार, बोरिवली ही स्थानके मागे टाकीत मुंबईत शिरते. येथे उंचच उंच इमारती आहेत आणि त्यांच्या भिंतीही तितक्याच प्रचंड आहेत. २०१४ साली वांद्रे येथील महानगर टेलिफोनच्या उंच इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र रंगविण्यात आले. फाळके हे मूळचे त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लोकांसमोर आणून त्यांनी भारतीय चित्रपटाचा पाया घातला. ज्यांनी त्यांचे हे चित्र रंगविले त्यांत रणजित दहिया हे प्रमुख होते. हरयाणातील एका खेड्यात वाढलेल्या दहियांनी तरुणपणी घरांना रंग देण्याचे काम केले होते.

एवढ्या मोठ्या भिंतीवर माणसाचा चेहरा बिनचूक कसा उतरतो, असा प्रश्न तुम्हांला पडेल. भिंतीपाशी उभ्या असलेल्या चित्रकाराला तर एका वेळी जेमतेम एक डोळा किंवा नाकाचा शेंडाच दिसतो. यासाठी एक जुनी व सोपी युक्ती आहे. आधी चित्र कागदावर लहान काढावयाचे आणि त्यावर उभ्याआडव्या रेघा ओढून सारखे चौकोन पाडावयाचे. भिंतीवरही तितकेच, पण मोठे चौकोन आखावयाचे. कागदावरील चौकोन एक इंचाचा आणि भिंतीवरील एक फुटाचा असेल, तर चित्राची लांबी बारा पट व रुंदीही बारा पट होते. म्हणजे भिंतीवर १४४ पट जागा रंगवावी लागते! मग परांचीवर किंवा पाळण्यात उभे राहून एकेक चौकोन भरावयाचा. कागदावरील चौकोनात जेवढी भुवई आली असेल, तेवढीच भिंतीवरील चौकोनात काढावयाची. असे सगळे चौकोन भरले, म्हणजे दूर उभ्या असलेल्या माणसाला पुरा चेहरा दिसतो.

वांद्र्याच्या पुढे माहीम आणि दादर लागतात. लोहमार्ग आणि सेनापती बापट मार्ग यांच्यामध्ये येथे एक लांबच लांब भिंत आहे. २००९ सालच्या ऑगस्ट महिन्यात महानगरपालिकेच्या संमतीने शेकडो नागरिकांनी या भिंतीची रस्त्याकडील बाजू रंगविली. त्यांत कसलेले चित्रकार होते, तसेच आयुष्यात प्रथमच कुंचला हाती धरणारेही होते. जेथून लोक नाक दाबून घाईघाईने जात, तेथे ते चित्रे पाहत रेंगाळू लागले. पुढे २०१७ साली कुलाब्याच्या ससून गोदीत असाच उपक्रम झाला. ही गोदी १८७५ साली बांधली गेली आणि मासळीच्या व्यापारासाठी ती प्रसिद्ध आहे. पहाटेपासून मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या कोळी समाजाच्या माणसांचे चेहरे तेथील भिंतींवर मोठ्या आकारात झळकले. थोरामोठ्यांच्या तसबिरी दिवाणखान्यात लागतात. कष्टकऱ्यांना त्यांच्याच कामाच्या जागी असा मान मिळाला.

ही कल्पना दूरच्या मेक्सिको देशात शंभर वर्षांपूर्वीच रुजली होती. तेथे मोठी क्रांती झाली, तेव्हा पुष्कळ प्रजा निरक्षर होती. लोकांना आपल्या देशाचा इतिहास कळावा म्हणून सरकारने १९२० नंतरच्या काळात सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या स्वाधीन केल्या. दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने राजधानीतील राष्ट्रीय प्रासादाच्या भिंतींवर शेतकरी, मजूर आणि लढवय्ये यांचा इतिहास रंगविला. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्याला भिंत वाचता येऊ लागली.

हेच भित्तिचित्राचे मोठेपण आहे. चौकटीतील चित्र धनिकाच्या घरी जाऊन बसते. संग्रहालयातील चित्र पाहावयास वेळ काढून जावे लागते. रस्त्यावरील चित्र मात्र हमालाला, भाजीवाल्या बाईला, शाळेत निघालेल्या मुलाला सारखेच दिसते. ते कोणाकडे पैसे मागत नाही. त्याचा आनंद घ्यावयाचा, तर घटकाभर थांबावे मात्र लागते. प्रथम दुरून संपूर्ण चित्र पाहावे, मग जवळ जाऊन रंगाचे फटकारे न्याहाळावे. चित्रकाराने भिंतीतील खिडकीचा, नळाचा, भेगेचा कसा उपयोग करून घेतला आहे, ते शोधावे. आणि शेवटी स्वतःला विचारावे, ‘ही भिंत मला काय सांगत आहे?’

परंतु जे सर्वांचे असते, त्याला राखणदार नसतो. उन्हाने रंग विटतात, पावसाचे पाणी मुरून भिंतीला लोणा लागतो आणि पोपडे निघतात. याला कोणाचा इलाज नाही. म्हणून तर वारली बायका दर लग्नाला नवा चौक काढतात. पण तंबाखूची पिचकारी ऊन मारीत नाही आणि जाहिरातीचा कागद पाऊस चिकटवीत नाही. ती माणसाची करणी असते.

याची एक खूण खानदेशाच्या सीमेलगतच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील सर्वांत जुनी चित्रे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, तर पुष्कळशी इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहेत. ओबडधोबड खडकावर माती, भुसा व तंतू यांचा गिलावा चढवून, त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन ती रंगविली आहेत. तांबडा व पिवळा रंग मातीचा, काळा काजळीचा. निळ्यासाठी तर मौल्यवान दगड दूर अफगाणिस्तानातून आणीत. पुढे ती लेणी शतकानुशतके रानात विस्मृत होऊन पडली. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीस निघालेला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी तेथे पोहोचला. त्याने दहाव्या लेण्यात प्रवेश केला, ते अपूर्व वैभव पाहिले आणि बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली!

त्यानंतर या चित्रांच्या नकला करून घेण्याची खटपट झाली. रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक लंडन येथे १८६६ साली आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. नकला गेल्या, मूळ भिंत मात्र उभी आहे. पण स्मिथने केलेला ओरखडा कोणालाही भरून काढता आला नाही. ज्या चित्रकारांनी ती लेणी रंगविली, त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. ज्याने ते चित्र खरवडले, त्याचे नाव मात्र राहिले. असे नाव राहण्यात कोणता गौरव?

भिंतीवर काही काढावयाचे तर ते भिंतीच्या मालकाच्या संमतीनेच काढावे. परवानगीवाचून सार्वजनिक जागा विद्रूप करणे हा आपल्या राज्यात १९९५ च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु भिंत राखण्याचे काम कायद्यापेक्षा मनाने अधिक चांगले होते. आपण चित्र पाहावयास थांबलो, तर मागून येणाराही थांबतो. आणि जेथे चार माणसे कौतुकाने पाहत उभी असतात, तेथे थुंकावयाची लाज पाचव्याला वाटते.

सुट्टी संपून ती मुलगी मुंबईहून आपल्या गावी परतेल. शाळेच्या भिंतीवरील नकाशा पावसाने पुसट झालेला असेल, कोपऱ्यात कोणीतरी खिळ्याने आपले नाव कोरलेले असेल. पूर्वी तिने त्याकडे कधी पाहिले नसते. आता ती गुरुजींकडे जाईल आणि म्हणेल, “गुरुजी, या भिंतीला पुन्हा रंग देऊ या का? चौकोन मी आखते.”