तिकडचा घटस्फोट, इकडचा ताबा

समजा, मुलगी लाखनीची, मुलगा तुमसरचा. लग्न भंडाऱ्यातच, हिंदू पद्धतीनं झालं. नोकरी अमेरिकेत. मूल तिथंच जन्मलं, म्हणजे जन्मानंच अमेरिकन नागरिक. तीन-चार वर्षांत पटेनासं झालं. नवऱ्यानं तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकला, आणि बायको मुलाला घेऊन माहेरी आली. आता दोन प्रश्न उभे राहतात. तिकडचा घटस्फोट इकडे चालतो का? आणि मूल कोणाकडे राहणार, हे कोणतं कोर्ट ठरवणार?

बहुतेकांना हा एकच प्रश्न वाटतो. तसं नाही. दोन्हींचे नियम वेगळे आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातून निघत नाही.

माझा विषय रसायनशास्त्र, कायदा नाही, हे आधीच सांगून टाकते. ओळखीच्या एका घरात हा प्रश्न आला म्हणून सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रं वाचायला घेतली. सवयीनं ती शोधनिबंधासारखीच वाचली: आधी घडलं काय, मग न्यायाधीशांनी तपासलं काय, मग निष्कर्ष. वाचता वाचता लक्षात आलं की 'मुलाचं हित' हे शब्द प्रत्येक निकालात आहेत, पण निकाल फिरवणारी गोष्ट बऱ्याचदा दुसरीच आहे. ती म्हणजे मध्ये किती वेळ गेला.

आधी घटस्फोटाचं थोडक्यात. परदेशी कोर्टाचा निकाल भारतात कधी मानायचा, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये दिलं आहे. १९९१ साली नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं लग्नांच्या बाबतीत त्याचा अर्थ स्पष्ट केला. लग्न तिरुपतीला झालेलं, घटस्फोट अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या कोर्टाचा. न्यायालय म्हणालं, लग्न ज्या कायद्याखाली झालं त्या कायद्यानुसार त्या कोर्टाला अधिकार हवा आणि घटस्फोटाचं कारणही त्याच कायद्यात बसणारं हवं. याला काही अपवाद आहेत. समोरचा पक्ष तिथं कायमचा राहत असेल, किंवा आपणहून हजर राहून त्या खटल्यात लढला असेल, किंवा त्यानं संमती दिली असेल, तर गोष्ट बदलते. मिसूरीच्या कोर्टानं कारण दिलं होतं ते 'संसार आता सावरण्यापलीकडे गेलाय' असं. हिंदू विवाह कायद्यात हे कारणच नाही.

म्हणजे आपल्या उदाहरणातली बायको तिथं हजरच राहिली नाही आणि कोर्टानं एकतर्फी घटस्फोट दिला, तर तिकडे ती घटस्फोटित आणि इकडे विवाहित! नवऱ्यानं इथं येऊन दुसरं लग्न लावलं तर ते अंगाशी येऊ शकतं. म्हणून तिकडून आलेली नोटीस कपाटात ठेवून द्यायची नसते, आणि घाईघाईनं उत्तरही धाडायचं नसतं, कारण त्या उत्तरालाच 'हजर राहणं' समजलं जाऊ शकतं. आधी वकील गाठायचा. तिला स्वतःला अर्ज करायचा असेल तर भंडाऱ्यातही करता येतो. लग्न जिथं झालं तिथं अर्ज करण्याची सोय कलम १९ मध्ये आधीपासून होती. २००३ च्या दुरुस्तीनं पत्नी राहते तिथलं कोर्टही चालतं.

आता मुलाचं. यासाठी महाराष्ट्राशी जोडलेले दोन खटले शेजारी ठेवून वाचा.

पहिला, दिनशॉ खटला. आई अमेरिकन, वडील भारतीय. १९८२ मध्ये मिशिगनच्या कोर्टानं घटस्फोट देऊन मुलाचा ताबा आईला दिला आणि वडिलांना भेटीचा हक्क दिला. जानेवारी १९८६ मध्ये वडिलांनी मुलाला शाळेतून उचललं आणि भारतात आणलं, पुण्याला आजी-आजोबांकडे. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. आईनं थेट सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका केली, म्हणजे 'माणसाला बेकायदा अडकवून ठेवलंय, त्याला कोर्टापुढे हजर करा' ही मागणी. नोव्हेंबर १९८६ मध्ये निकाल लागला: मूल आईकडे परत. सगळं मिळून दहा महिने.

दुसरा, जोशी विरुद्ध उंदे. लग्न १९८२ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहाला, भारतीय पद्धतीनं. मूल मार्च १९८३ चं. ते ३५ दिवसांचं असताना, छळ होतो असं सांगत आईनं घर सोडलं आणि पुढच्या वर्षी त्याला घेऊन ती भारतात आली. अमेरिकन कोर्टाचा ताब्याचा आदेश वडिलांच्या बाजूनं होता. मुंबईत खटले चालले, अपिलं झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द आला नोव्हेंबर १९९७ मध्ये. मुलगा तोवर चौदा वर्षांचा झाला होता. ताबा आईकडेच राहिला. परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक बाबींपैकी एक आहे, तो मुलाच्या हितावर मात करू शकत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. आजही ताब्याच्या वादात हा निकाल हमखास पुढे केला जातो.

दोन्हींत परदेशी आदेश होता, दोन्हींत तत्त्व एकच, उत्तरं उलटी. अर्थात एकात मूल पळवून आणलेलं, दुसऱ्यात आईच्या कुशीतलं बाळ. हा फरक मोठा आहेच. पण पहिल्यात मुलाचं सगळं आयुष्य अमेरिकेत गेलेलं आणि भारतात फक्त काही महिने, दुसऱ्यात नेमकं उलट. आमच्याकडे काही रासायनिक अभिक्रिया अशा असतात की लवकर थांबवली तर एक पदार्थ मिळतो, तशीच चालू दिली तर दुसरा. साहित्य तेच, तापमान तेच, फक्त घड्याळ वेगळं. ताब्याच्या खटल्यांत मला तेच दिसतं. २०१९ च्या हैदराबादशी संबंधित एका खटल्यात मुलं भारतात येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते, तेवढ्यात आईनं इथं पालकत्वाचा अर्ज केला. ही मुलं 'इथली रहिवासी' झालेलीच नाहीत, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं.

याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. मूल ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी तारखेवर तारीख पडणं फायद्याचं ठरतं. शाळा सुरू होते, मित्र होतात, भाषा बदलते. मग तेच सगळं पुरावा म्हणून समोर येतं.

जगात यावर एक इलाज काढला गेला, १९८० चा हेग करार. शंभरावर देश त्यात आहेत. अमेरिका आहे, ब्रिटन आहे, पाकिस्तानही आहे. भारत नाही. कराराची कल्पना साधी आहे: ताबा कोणाला द्यायचा हे आम्ही ठरवत नाही, मूल नेहमी जिथं राहत होतं तिथं त्याला लवकर परत पाठवा, वाद तिथलं कोर्ट सोडवेल. त्यासाठी सहा आठवड्यांची अपेक्षा ठेवली आहे. प्रत्यक्षात २०१५ च्या अर्जांचा जो जागतिक अभ्यास झाला, त्यात सरासरी १६४ दिवस लागलेले दिसतात. तरी दहा महिने आणि तेरा-चौदा वर्षं यांच्यापुढे १६४ दिवस बरेच म्हणायचे.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. मूल घेऊन जाणाऱ्यांत ७३ टक्के आया होत्या. करार करताना डोळ्यांपुढे होता तो ताबा न मिळालेला, मूल पळवणारा बाप, दिनशॉ खटल्यातल्यासारखा. प्रत्यक्षात निघाली ती मूल सांभाळणारी आई, आणि त्यातल्या काही जणी मारहाणीतून सुटून आलेल्या. परत पाठवल्यास मुलाला गंभीर धोका असेल तर कोर्ट नकार देऊ शकतं, अशी तरतूद करारात आहे, पण तो धोका सिद्ध करायचा असतो. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली, हातात पगार नाही, तिथं नातेवाईक नाही, अशी बाई ते कसं करणार? भारत करारात जात नाही त्यामागे हे कारण दिलं जातं, आणि मला ते पटतं.

पटत नाही ते पुढचं. विधी आयोगानं २००९ मध्ये करारात सामील व्हा असं सुचवलं. २०१६ मध्ये आयोगानं विधेयकाचा मसुदाही दिला. न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीनं २०१८ मध्ये अहवाल दिला. पण करारात न जाता स्वतःचा कालमर्यादेचा कायदा तरी झाला का? तोही नाही. हिंसेतून आलेल्या बाईला संरक्षण द्यायचं तर तिचा प्रश्नही सहा महिन्यांत सुटायला हवा. चौदा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणं हे तिच्यासाठीही संरक्षण नव्हे.

तोवर काय होतं, तर निकाल प्रत्येक खटल्यागणिक बदलतो. २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मुलीला आईजवळ भारतात ठेवलं. २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात आईला सांगितलं, मुलीला घेऊन अमेरिकेत जा, वाद तिथं सोडवा. आणि कोर्टाचा आदेश सीमेपलीकडे टिकेल याचीही खात्री नसते. कंसाग्रा खटल्यात २०२० मध्ये वडिलांना मूल केनियाला न्यायची परवानगी मिळाली. अट होती, तिथल्या कोर्टाकडून तंतोतंत असाच आदेश, म्हणजे 'मिरर ऑर्डर', आणायची. वडिलांनी न्यायालयाची फसवणूक केल्याचं पुढे उघड झालं. २०२१ मध्ये परवानगी मागे घेतली, २०२२ मध्ये अवमानाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. मूल मात्र केनियात.

आपल्याकडे असा प्रसंग आला तर हेबियस कॉर्पस मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाखल होते, आणि पालकत्वाचा अर्ज मूल राहतं त्या जिल्ह्यातल्या कोर्टात. दोन्ही बाजूंनी कागद पहिल्या दिवसापासून जपावेत: शाळेचा दाखला, लसीकरण, तिकडच्या पोलिसांत तक्रार केली असेल तर तिची प्रत. अमेरिकन पासपोर्ट असलेल्या मुलाच्या व्हिसाची मुदतही बघावी. सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकन पासपोर्ट नवा करायला सहसा दोन्ही पालकांची संमती लागते, आणि भांडणात तिथंच गाडं अडतं.

साहू निकालात आणखी एक गोष्ट आहे. ताबा ज्याच्याकडे नाही, त्या पालकालाही मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलू द्यावं, शक्यतो व्हिडिओ कॉलवर, असं न्यायालयानं म्हटलंय. भंडाऱ्यात सकाळी सातला, शाळेच्या रिक्षाआधी, ते जमू शकतं. न्यू जर्सीत तेव्हा उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात.