गोठलेल्या जमिनीचा ताप

जून २०१६ मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम शहरात गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ जमले होते. ही त्यांची अकरावी आंतरराष्ट्रीय परिषद. त्याआधीची, दहावी परिषद २०१२ मध्ये रशियात, उत्तर ध्रुववृत्तावर वसलेल्या सालेखार्द शहरात झाली होती. पॉट्सडॅमची परिषद आटोपून काही आठवडे उलटतात तोच सालेखार्दच्या रुग्णालयात भटक्या नेनेत्स कुटुंबांतील माणसे दाखल होऊ लागली. जवळच्या यमाल द्वीपकल्पावर त्यांचे रेनडिअर पटापट मरत होते. निदान झाले अँथ्रॅक्सचे, म्हणजे आपल्याकडचे पशुपालक जिला काळपुळी म्हणतात त्या रोगाचे. दोन हजारांहून अधिक रेनडिअर मेले. अनेक माणसांना लागण झाली आणि १२ वर्षांचा एक मुलगा दगावला. मेलेली जनावरे जाळण्यासाठी लष्कराचे जवान पाठवावे लागले. त्या भागात काळपुळीची याआधीची साथ आली होती १९४१ मध्ये.

मग मधली पंच्याहत्तर वर्षे हे जंतू होते कुठे?

जी जमीन सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड राहते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सैबेरियात काही ठिकाणी ती एक किलोमीटरहूनही खोलवर गोठलेली आहे. तिच्या वरचा पातळ थर मात्र उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. अशा टणक जमिनीत खोल खड्डा खणणे कठीण, त्यामुळे मेलेली जनावरे वरवरच पुरली जातात किंवा तशीच पडून राहतात. काळपुळीच्या जंतूचा हवेशी संबंध आला की तो स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. अशा अवस्थेतील जंतूला बीजाणू म्हणतात. हे बीजाणू मातीत अनेक दशके तग धरतात. २०१६ च्या उन्हाळ्यात यमालमध्ये पारा ३५ अंशांच्या आसपास गेला होता. जमीन नेहमीपेक्षा खोलवर वितळली आणि जुने बीजाणू वर आले, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे.

पण दोष एकट्या उन्हाळ्याचा नव्हता. यमालमधील रेनडिअरना काळपुळीची लस देणे २००७ मध्ये बंद झाले होते. कित्येक वर्षांत रोग दिसला नाही, मग लस कशाला, असा तो विचार होता. रोग दिसत नव्हता, पण तो संपलाही नव्हता. एका बाजूने त्याला लशीने रोखले होते, दुसऱ्या बाजूने थंडीने. आधी लस थांबली, मग थंडीनेही साथ सोडली. या साथीनंतर लसीकरण पुन्हा सुरू झाले.

गोठलेल्या जमिनीवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६३ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात भरली. तेव्हा चर्चा मुख्यतः रस्ते, इमारती आणि त्यांचे पाये यांची होती. १९८३ मध्ये अलास्कातील फेअरबँक्सच्या परिषदेत या शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज त्यांचे काम बरेचसे डॉक्टरांच्या रोजच्या कामासारखेच आहे. जमिनीत खोल छिद्रे पाडून त्यांत तापमापक सोडायचे आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवायच्या. वरचा थर किती वितळला, हे पाहायला चक्क धातूची सळई जमिनीत खुपसून मोजतात. जगभरच्या अशा छिद्रांतील नोंदी सांगतात की २००७ ते २०१६ या दहा वर्षांत पर्माफ्रॉस्टचे तापमान सरासरी ०.२९ अंशाने वाढले. एवढा फरक माणसाच्या अंगात दिसला तर आपण थर्मामीटर बाजूला ठेवून देऊ. पण जी जमीन शून्याच्या जेमतेम खाली आहे, तिच्यासाठी हा गोठणे आणि वितळणे यांतला फरक ठरू शकतो.

या जमिनीतून हजारो वर्षांपूर्वीचे विषाणू उठतील आणि महामारी येईल, अशा बातम्या अधूनमधून झळकतात. सैबेरियातील ३०,००० वर्षांपूर्वीच्या मातीतून शास्त्रज्ञांनी एक महाकाय विषाणू खरोखरच जिवंत केला, त्याची माहिती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पण तो फक्त अमिबाला बाधतो. आजची खरी चिंता त्याहून साधी आहे. जमीन खचली की पाण्याचे नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या वाकतात, फुटतात. उत्तर अलास्कातील इनुपियाट लोक व्हेलचे मांस गोठलेल्या जमिनीतील तळघरांत साठवतात. त्यांतील काहींत आता पाणी शिरते आणि मांस खराब होते. अशा वस्त्यांपासून दवाखाना बहुधा विमानाच्या अंतरावर असतो.

२०२० मध्ये चीनमधील लान्चौ येथे ठरलेली परिषद कोविडमुळे होऊ शकली नाही. पुढची, बारावी परिषद जून २०२४ मध्ये कॅनडातील युकॉन प्रदेशात, व्हाइटहॉर्स येथे भरली. तापमानाच्या नोंदी अशा परिषदांत मांडल्या जातात. जनावरे पुरल्याच्या जागा, जुन्या साथींच्या तारखा आणि लशीच्या नोंदी मात्र पशुवैद्यक आणि आरोग्य खात्यांच्या दप्तरात असतात. यमालसारख्या साथीचा अंदाज आधी यायचा असेल, तर हे दोन्ही कागद एकाच टेबलावर यायला हवेत.

काळपुळी वेळेत ओळखली, तर प्रतिजैविकांनी बरी होऊ शकते. अडचण ओळखण्याचीच असते. ज्या आजाराचा एकही रुग्ण एका पिढीने पाहिलेला नाही, तो डॉक्टरच्या चटकन मनात येत नाही. शिवाय या बीजाणूंना टिकायला बर्फच लागतो असेही नाही. भारतातल्या मातीतही ते वर्षानुवर्षे राहतात. म्हणून गुरे अचानक मेली आणि त्यांच्या नाकातोंडातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, तर ते जनावर कापू नये, सोलू नये, त्याचे मांस खाऊ नये. आधी पशुवैद्यकाला कळवावे. जनावर उघडले की जंतूला हवा मिळते, आणि पुढची कित्येक वर्षे त्या जागेची राखण करत बसावे लागते.