पोंपेईंत एक दिवस

नेपल्सहून सकाळीं निघावें, पोंपेई पाहावें आणि दिवेलागणीस परत यावें, हा बेत दरवर्षीं लाखों प्रवासी करतात. अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आसपास असून आगगाडी पाऊण तासाच्या आंत तेथें पोंचविते. तेव्हां बेतांत कठीण असें कांहीं दिसत नाहीं. तरीही सायंकाळीं परतणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत ऊन, धूळ आणि एकीसारखी एक पडकी भिंत एवढेंच उरतें. याचें कारण असें कीं, पोंपेई हें एखादें देऊळ किंवा एखादा किल्ला नव्हे. तें सबंध शहर आहे. तटाच्या आंतील क्षेत्र सुमारें ६६ हेक्टर, म्हणजे दीडशेंहून अधिक एकर भरतें. त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग अद्याप जमिनीखालींच आहे. परंतु उरलेलें सर्व एका दिवसांत पायांखालून घालूं पाहणारा मनुष्य कांहींच न पाहतां परत येतो. म्हणून काय पाहावयाचें यापेक्षां काय सोडावयाचें, हें आधीं घरीं बसून ठरवावें.

शक्य असल्यास आदल्या दिवशीं नेपल्सचें पुराणवस्तुसंग्रहालय पाहून घ्यावें. मात्र तें मंगळवारीं बंद असतें. १७४८ मध्यें पोंपेईचें उत्खनन सुरू झाल्यापासून तेथील उत्तमोत्तम चित्रें, भांडीं व मूर्ति नेपल्सला नेण्यांत आल्या. शिकंदर व दारा यांच्या लढाईचें प्रसिद्ध कुट्टिमचित्र १८३१ मध्यें एका घराच्या जमिनीवर सांपडलें, तें १८४३ मध्यें तेथून हलविलें गेलें. आज त्या घरांत दिसते ती त्याची प्रतिकृति. संग्रहालय न पाहतां थेट अवशेषांत शिरणें म्हणजे बिऱ्हाड हललेल्या घरांतून हिंडणें होय.

तिकिटाची व्यवस्था आतां पूर्वींइतकी सैल राहिलेली नाहीं. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला वीस हजारांहून अधिक माणसांस आंत सोडीत नाहींत, आणि तिकिटावर नांव असतें. तेव्हां पारपत्र जवळ बाळगावें. उन्हाळ्यांत अवशेष सायंकाळीं सातपर्यंत व हिवाळ्यांत पांचपर्यंत उघडे असतात, परंतु शेवटचा प्रवेश त्याआधीं दीड तास बंद होतो. आंत सावली फार थोडी आहे. जुलै-ऑगस्टमधील दुपार तेथें काढणें ही शिक्षाच होय. एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर हे महिने चांगले. ऑक्टोबरला तर आणखी एक औचित्य आहे. इ. स. ७९ मधील स्फोटाची तारीख परंपरेनें २४ ऑगस्ट मानली जाई. पण २०१८ मध्यें एका भिंतीवर कोळशानें लिहिलेली जी ओळ सांपडली, तिच्यावरची तारीख १७ ऑक्टोबरशीं जुळते, आणि त्यामुळें शहराचा शेवट त्यानंतरच्या आठवड्यांत झाला असावा असें पुष्कळ विद्वानांस वाटतें.

बहुतेक प्रवासी पश्चिमेच्या समुद्रद्वारानें शिरतात, कारण एका आगगाडीचें स्थानक त्याच्या दाराशींच आहे. त्यामुळें सकाळीं दहा-अकराच्या सुमारास तेथें अतोनात गर्दी होते. शहाण्यानें उलटें करावें. सालेर्नोकडे जाणाऱ्या सरकारी आगगाडीनें नव्या पोंपेई गांवीं उतरावें, मोठ्या चर्चवरून चालत जाऊन पूर्वेच्या रंगमंडलाजवळील द्वारानें आंत जावें, एकच रस्ता धरून पश्चिमेकडे यावें आणि परतीची गाडी समुद्रद्वाराच्या स्थानकावरून पकडावी. असें केल्यानें एकदां चाललेली वाट पुन्हां तुडवावी लागत नाहीं.

हें लंबवर्तुळाकार रंगमंडल ख्रिस्तपूर्व ७० च्या सुमाराचें आहे. दगडी बांधणीचें इतकें जुनें रंगमंडल दुसरीकडे उरलेलें नाहीं. इ. स. ५९ मध्यें येथें पोंपेईकर व शेजारच्या नुकेरियाचे लोक यांच्यांत अशी दंगल माजली कीं, रोमच्या सिनेटनें दहा वर्षें खेळांवर बंदी घातली. येथें अर्धा तास पुरे.

तेथून जवळच जो बाग लागतो, त्यास पळून जाणाऱ्यांचा बाग म्हणतात. तेथें मात्र घाई करूं नये. स्फोट दुपारीं सुरू झाला आणि त्यानंतर कित्येक तास हलक्या सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला. त्याच्या भारानें छपरें कोसळलीं, परंतु रस्ते चालण्याजोगे होते. जे त्या तासांत निघाले त्यांतील पुष्कळ वांचले असावेत. तप्त राखेचा व वायूचा प्राणघातक लोट शहरावर आला तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं. या बागेंत सांपडलेलीं तेरा माणसें, त्यांत मुलेंही, त्या दगडांच्या थरावर पडलेलीं होतीं. म्हणजे तीं रात्रभर जगलीं होतीं आणि सकाळीं बाहेर पडलीं. देह नाहींसे झाल्यावर राखेंत ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पातळ प्लास्टर ओतून आकार मिळविण्याची युक्ति १८६३ मध्यें फिओरेल्ली यानें योजिली. छायाचित्रें घेण्यापूर्वीं प्रवाशानें क्षणभर थांबावें, हें सांगण्याची वास्तविक गरज पडूं नये, पण पडते.

नंतर उत्तरेस वळून विपुलतेच्या रस्त्यास लागावें. इटालियन भाषेंतील नांव व्हिया देल्लाबोंदान्त्सा. नांव अर्वाचीन आहे. एका कारंजावरील स्त्रीमूर्तीच्या हातीं फळांनीं भरलेलें शिंग आहे, त्यावरून तें पडलें. येथें मान वर न करतां खालींच पाहावें. गाड्यांच्या चाकांनीं दगडांत पडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि चिखल-सांडपाणी टाळून रस्ता ओलांडण्यासाठीं ठेवलेले उंच दगड, हा त्या शहराचा नित्याचा व्यवहार होय. भिंतींवर निवडणुकीच्या उमेदवारांचीं नांवें लाल रंगांत रंगविलेलीं असत. एका खाणावळीच्या ओट्यांत मातीचे रांजण बसविलेले आहेत. त्यांतील एकांत सुमारें तीन किलो नाणीं निघालीं. धनी परत येण्याच्या भरंवशानेंच गेला असला पाहिजे.

याच खाणावळीच्या रांगेंतील एका घरांत १९३८ मध्यें हस्तिदंताची सुमारें चोवीस सेंटिमीटर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ति सांपडली. अमेदेओ मायुरी यानें तिला लक्ष्मी म्हटलें. अभ्यासकांपैकीं पुष्कळ तिला यक्षी समजतात. मूर्ति एखाद्या आरशाची मूठ किंवा लहान मेजाचा पाय असावी. तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे, त्यामुळें ती वायव्येकडून आली असा एक पक्ष. पण तशाच घडणीच्या हस्तिदंती स्त्रीमूर्ति महाराष्ट्रांत तेर व भोकरदन येथें मिळाल्या आहेत. तेर म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यांचें तगर. मूर्ति इ. स. ७९ पूर्वींची आहे, याविषयीं मात्र वाद संभवत नाहीं. आपल्याकडील किती वस्तूंस कालाची अशी पक्की मर्यादा मिळते? घर उघडें असेलच असें नाहीं, आणि मूर्ति नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. आदल्या दिवशीं ती पाहिलेल्या माणसास मात्र हें दार ओळखीचें वाटतें.

नोव्हेंबर २०१० मध्यें याच रस्त्यावरील एक इमारत, जिला मल्लशाळा म्हणत, पावसांत कोसळली. १९४३ मधील बॉम्बहल्ल्यांत ती आधींच मोडली होती आणि नंतर जड काँक्रीट वापरून पुन्हां उभी केलेली होती. पुढें ती सांवरून २०१९ मध्यें लोकांस खुली झाली. म्हणून भिंतीस हात लावूं नये आणि त्यावर बसूं नये, ही तेथील सूचना कोरडी शिस्त नव्हे.

पुढें स्ताबियन स्नानगृह. त्याच्या मागील बाजूस मोदेस्तुसची भट्टी आहे. तिच्यांत ८१ पाव जळून कोळसा झालेले, पण आकार शाबूत असलेले मिळाले. दोन्ही ठिकाणें झटकन् उरकतां येतात. दुपार टळण्याच्या सुमारास मुख्य चौकांत पोंचावें. जवळ उपाहारगृह आहे. बाटली भरून घेण्यास वाटेंत नळही आहेत. वेळ उरला तरी व्हेसूव्हियस चढण्याचा मोह धरूं नये, आणि हर्क्युलेनियमला तर स्वतंत्र दिवस द्यावा. तटाबाहेरील रहस्यांच्या वाड्यांतील चित्रें सुंदर आहेत, पण पाय थकले असतील तर तीही सोडावींत.

चौकाच्या उत्तर टोकास ज्युपिटरच्या देवळाचा चौथरा आहे आणि त्याच्या बरोबर मागें व्हेसूव्हियस उभा असतो. समुद्रद्वाराकडे उतरणारा रस्ता घोटीव दगडांचा व निसरडा आहे. तेथें जपून पाऊल टाकावें. द्वाराबाहेर पूर्वीं समुद्र जवळच होता. आतां तेथें स्थानक आहे, आणि नेपल्सची गाडी सायंकाळीं भरून येते.