होडीतला पेट्रोलचा वास

हैदराबादच्या हुसेन सागरात १९९२ साली उभ्या राहिलेल्या बुद्धमूर्तीकडे नौकेनेच जावे लागते. अशा जलविहाराच्या नौकांपैकी ज्यांचे यंत्र आत, तळाशी असते आणि पेट्रोलवर चालते, त्यांच्याविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

मोटारीतून गळलेले पेट्रोल रस्त्यावर पडते. त्याची वाफ वारा उडवून नेतो. नौकेचा तळ मात्र भांड्यासारखा बंद. ही वाफ हवेहून तिपटी-चौपटीने जड असल्याने तेथेच साचते. हवेत शेकडा दीड भाग वाफ मिसळली, तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

म्हणून वास येताच प्रथम यंत्र थांबवावे, उतारूंना काठावर उतरवावे आणि झाकणे उघडावीत. त्यानंतर विजेचे कोणतेही बटण दाबू नये. बटणातही ठिणगी उडते.

हवा खेळल्यावर, वास केव्हा जाणवला ते आठवावे. टाकी भरल्यावर आला असेल, तर भरण्याची नळी, हवेची नळी व टाकीचा माथा तपासावा. यंत्र चालताना आला असेल, तर पंप, गाळणी व कार्ब्युरेटर यांचे सांधे पाहावेत. ओल दिसली नाही, तर रबरी नळी स्वच्छ फडक्याने पुसून फडके हुंगावे. जुन्या रबरातून थेंब न गळताही वाफ झिरपते. अशी नळी बदलावीच. पट्टी गुंडाळून भागवू नये.

नाक वासाला लवकर सरावते. तेव्हा वास ‘गेला’ म्हणून निश्चिंत होऊ नये. कारण सापडेपर्यंत नाव काठाला बांधलेलीच बरी.