वाद्य दुरुस्तीला धाडताना

आमचे गाव उर्से. तालुका मावळ, जिल्हा पुणे. मावळात पाऊस दांडगा, भात चांगला आणि भजनाची गोडी मोठी. गावोगावी भजनी मंडळे आहेत. मंडळ म्हटले की वीणा आली, पखवाज आला, पेटी आली, टाळ आले. टाळ पितळेचे. ते पडले तरी सहसा काही होत नाही. पण बाकीची वाद्ये नाजूक. ती बिघडतात, मग दुरुस्तीला धाडावी लागतात.

वाद्य धाडणे सोपे नाही, हे आम्ही पैसे मोजून शिकलो. काय झाले ते सांगतो.

आमच्या मंडळाची एक जुनी वीणा होती. तिची एक खुंटी सैल झाली होती. सूर टिकत नव्हता. सप्ताह महिनाभरावर आला होता. आम्ही वीणा गोधडीत गुंडाळली. वरून दोरी आवळली. जीपच्या टपावर बांधली आणि मिरजेला नेली. कारागिराने गोधडी सोडली. दांडी भोपळ्यापासून निखळली होती. बारीकशा खुंटीच्या कामाला गेलो आणि मोडकी वीणा पुढे ठेवली!

कारागीर वयस्क होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "वीणा वाटेत मोडली खरी. पण चूक घरीच झाली. तारा ताणलेल्या ठेवल्यात ना?"

सप्ताहात वीणा रात्रंदिवस उभी असते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण खाली ठेवत नाहीत. त्या वर्षी शेजारच्या गावाची वीणा मागून आणावी लागली. त्यांनी आनंदाने दिली. तरी आमच्या माना खाली गेल्या.

मिरजेलाच का न्यायची?

मिरज हे सांगली जिल्ह्यातले शहर. तिथे सतार, तंबोरा, वीणा ही तंतुवाद्ये बनतात. या कामाला दीडशे वर्षांहून अधिक झाली. आधी हे कारागीर शिकलगार होते. म्हणजे तलवारी, भाले घासून धार लावणारे. पुढे शस्त्रांचे काम कमी झाले. तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्यांचे काम हाती घेतले. त्यांच्या वंशजांना लोक सतारमेकर म्हणू लागले. मोठे गवई अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहत. तंबोऱ्याला लागणारे मोठे भोपळे सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, मंगळवेढ्याकडे पिकतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे 'मिरजेची सतार' हे नाव आता दुसऱ्या गावच्या मालाला लावता येत नाही.

पेटीचे काम पुण्यातही होते. पखवाजाला पुडी चढवणारे कारागीरही पुण्यात आहेत. पुणे जवळ आहे. मिरज पुण्यापासून रेल्वेने सुमारे २८० किलोमीटर. लांबच्या वाटेला बांधणी चांगली हवी.

वीणा

ताणलेली तार दांडीला सतत ओढत असते. जागेवर असताना दांडी तो ताण सोसते. वाटेत गचका बसला की ताण आणि गचका एकत्र येतात. मग जिथे सांधा आहे तिथे मोडते. म्हणून आधी तारा सैल करा. पार काढू नका. बोटाने दाबली तर तार लोंबेल, इतकी सैल पुरे.

तारा ज्या हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. घोडी चिकटवलेली नसेल तर तार सैल होताच ती सरकते. तिच्या जागी पेन्सिलीने बारीक खूण करा. घोडी काढून फडक्यात बांधा. भोपळ्याखाली आणि दांडीखाली, दोन्हीकडे मऊ टेकू द्या. नुसता भोपळा टेकला आणि दांडी अधांतरी राहिली, तर गचक्याने दांडी निखळते. आमचे हेच झाले.

पखवाज

पखवाजाच्या डाव्या तोंडाला आपण कणीक लावतो. ती खरवडून काढा. कातडे ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. कणीक राहिली तर तिला बुरशी येते. उंदीर तर वासावरच येतो आणि कणकेबरोबर कातडेही कुरतडतो.

कातडे पावसात ढिले पडते आणि उन्हात ताणते. बंद गाडीत दुपारी फार तापते. आधीच ताणलेले कातडे तिथे फाटू शकते. म्हणून गठ्ठे हळू ठोकून वाद्यांचा ताण थोडा उतरवा. हे काम पखवाजवाल्यालाच करू द्या. दोन्ही तोंडांवर जाड पुठ्ठ्याच्या चकत्या बांधा. उजव्या तोंडाच्या शाईला धक्का लागता कामा नये.

पेटी

पेटीत पितळेच्या पातळ जिभा असतात. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात आणि सूर निघतो. धुळीचा एक कण अडकला तरी सूर मुका होतो. म्हणून पेटीभोवती तूस किंवा भुसा कधीही भरू नका.

भाता मिटून कडी लावा. समोरच्या खुंट्या आत ढकला. पट्ट्यांवर मऊ कापडाची घडी ठेवून झाकण लावा. मग सबंध पेटी स्वच्छ धोतरात किंवा चादरीत गुंडाळा. पेटी नेहमी पट्ट्या वर करूनच ठेवावी.

खोके कसे भरावे?

एक मजबूत लाकडी खोके घ्या. वाद्याच्या चारी बाजूंनी, खाली आणि वर चार चार बोटे जागा राहिली पाहिजे. आपल्याकडे भाताचा पेंढा भरपूर. तो कडकडीत वाळवा, झटका आणि कापडी पिशव्यांत भरा. त्या पिशव्या जागेत ठासा. नुसता पेंढा टाकू नका. ओला पेंढा तर नकोच. ओल लाकडाला लागली की लाकूड फुगते, सांधे सुटतात.

मग खोके दोन्ही हातांनी हलवून बघा. आत काही वाजले, तर बांधणी झाली नाही असे समजा. उघडा आणि पुन्हा भरा. पावसाचे दिवस असतील तर खोक्यावर प्लास्टिक घाला, त्यावर गोणपाट शिवा.

लिहिणे विसरू नका

बंधुभगिनींनो, इथे तुमचे अक्षर कामाला येते. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा: 'नाजूक वाद्य. ही बाजू वर.' पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता बाहेर लिहा. तोच पत्ता कागदावर लिहून आतही टाका. बाहेरचा कागद फाटला तर आतला उपयोगी पडतो.

सोबत एक चिठ्ठी द्या. ती अशी असावी:

'रा. रा. कारागीर यांस नमस्कार. सोबत वीणा एक, घोडी एक पाठवली आहे. दुसरी खुंटी सैल आहे. सूर उतरतो. दांडी व भोपळा शाबूत आहेत. खर्च किती येईल ते आधी कळवावे. मगच काम सुरू करावे. वीणा ज्येष्ठ महिन्याच्या आत हवी. आपले, भजनी मंडळ, उर्से, ता. मावळ, जि. पुणे.'

'शाबूत आहेत' हे शब्द महत्त्वाचे. खोके बंद करण्याआधी मोबाईलवर चारी बाजूंचे फोटो काढा. वाटेत काही मोडले तर ते आधी धड होते हे दाखवता येते.

पार्सल कचेरीत वाद्याची खरी किंमत लिहून द्या. रेल्वेत किंमत लिहून दिली आणि त्यावरचा आकार भरला, तर नुकसानीची भरपाई त्या हिशेबाने मागता येते. न लिहिल्यास ठरलेल्या मर्यादेपर्यंतच मिळते, आणि ती वाद्याच्या मानाने फार थोडी असते. पावती हातात आली की तिथेच उभे राहून वाचा. नाव, गाव, वजन, नग आणि किंमत बरोबर आहे का ते बघा. मगच सही करा. पूर्वी आपण अंगठा उठवून निघून येत होतो. आता तसे का करावे?

माल परत आला की लगेच उघडा. माणसे समोर असतानाच वाद्य तपासा. आणि जमले तर वाद्याबरोबर एक माणूस धाडा. तळेगावहून लोकलने पुण्याला जावे, तिथून सातारा, कऱ्हाड, सांगलीवरून मिरजेची गाडी आहे. वीणा मांडीवर घेऊन गेलेली सगळ्यांत बरी.

देहूहून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. तेव्हा कारागिरांकडे कामाची गर्दी असते. म्हणून होळी झाली की वाद्ये तपासा आणि काय धाडायचे ते तेव्हाच धाडा.

आमची वीणा जोडून आली. सूर पुन्हा लागला. सांध्यावर बारीक रेघ मात्र राहिली आहे. नवा विणेकरी वीणा गळ्यात घालतो तेव्हा आम्ही त्याला ती रेघ दाखवतो आणि ही सगळी हकिगत सांगतो.